अंदमानच्या मगरी मारून हल्ले थांबणार नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अंदमानात मगरीने कोणावर हल्ला केल्याची बातमी आली की लोकांचं लगेच सुरू होतं, मारून टाका सगळ्या, नाहीतर उचलून कुठेतरी लांब नेऊन सोडा. २०१० मध्ये अंदमानच्या हॅवलॉक बेटावर स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा जीव गेला तेव्हाही हेच ऐकलं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याचा राग मला समजतो, पण या दोन्ही उपायांनी काही होणार नाही म्हणून हे पत्र.

खाऱ्या पाण्यातली मगर म्हणजे काय चीज आहे ते आधी बघा. मोठा नर सहा मीटरपर्यंत वाढतो. जिभेवर ग्रंथी असतात, त्यातून जादा मीठ बाहेर टाकता येतं म्हणून समुद्रात आरामात राहते, आणि लांब जायचं असेल तर प्रवाह धरून वाहत जाते, प्रवाह उलटा फिरला की काठाला लागून थांबते. ऑस्ट्रेलियात एक मगर हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडली होती, ती २० दिवसांत ४०० किलोमीटरपेक्षा जास्त पोहून परत आपल्या जागी आली! आता सांगा, कुठे नेऊन सोडणार?

आणि मारायचं म्हणाल तर ते आपण करून बसलोय. कातड्यासाठी इतक्या मारल्या की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण द्यावं लागलं. ओडिशात भितरकनिकाला १९७५ मध्ये मगरी वाचवायचं काम सुरू झालं तेव्हा शंभरही मगरी उरल्या नव्हत्या, आता १७०० च्या वर आहेत.

अंदमानात मादी खारफुटीच्या मागे गोड्या पाण्याच्या दलदलीत पाला आणि चिखलाचा ढीग करून त्यात ४०-६० अंडी घालते, जवळजवळ तीन महिने राखण करते, आतून पिल्लांचा आवाज आला की ढीग उकरते आणि एकेक पिल्लू जबड्यात धरून पाण्यात सोडते. याच दलदली भरून आपण वस्ती आणि शेती केली, वर मासळीची आतडी, चिकनच्या दुकानातला कचरा सरळ खाडीत. रोज एकाच ठिकाणी खायला मिळालं तर मगर तिथे येणारच ना.

बाराटांगला खारफुटीतून बोट जाते तिथे मी स्वतः बघितलं, लोक हात पाण्यात सोडून रील काढत होते आणि आमच्या टूरवाल्याने कोणालाही एका शब्दाने अडवलं नाही. मगर पाण्यात असते तेव्हा डोळे आणि नाकपुड्या एवढंच वर दिसतं, गढूळ पाण्यात तेही नाही. वंडूरच्या बीचवर पोहण्यासाठी जाळी लावलीय, बोर्ड लावलेत, तरी जाळीच्या बाहेर जाणारे जातातच.

प्राण्याची जागा हिरावून घ्यायची ही गोष्ट मगरीपुरतीच नाही, ग्रेट निकोबार बेटाच्या गलाथिया खाडीत लेदरबॅक जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. लिटल अंदमानला ट्रान्समीटर लावलेली याच जातीची कासवं एकीकडे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने तर दुसरीकडे थेट आफ्रिकेकडे गेली. २००४ च्या सुनामीत निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं, किनारे गेले, पुन्हा वाळू साठली आणि कासवं परत आली. तिथलं अभयारण्य २०२१ मध्ये बंदरासाठी रद्द झालं. याचा मला फार त्रास होतो, कारण ते किनारे गेले तर ती कासवं दुसरीकडे कुठे जाणार?

तुम्हाला विनंती एवढीच, हल्ल्याची बातमी छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या, संध्याकाळनंतर खाडीच्या पाण्यात उतरू नका, काठावर मासे साफ करू नका, जाळीबाहेर पोहू नका. आणि अंदमानच्या टूर कंपन्यांच्या जाहिराती तुमच्याच पानांवर असतात, त्यांना सांगा की बुकिंगच्या वेळी हीच माहिती मराठीत छापून हातात द्या.

आपला,
एक नियमित वाचक