चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांची वेळापत्रकं ठरायचे हे दिवस आहेत, म्हणून हे पत्र. आमच्या आसपासच्या अनेक शाळांत दहावीच्या वर्गाला चित्रकलेचा आणि कार्यानुभवाचा तास नावापुरता उरला आहे. आता नववीचाही तास 'जादा गणिता'साठी काढून घेतात. मुलांचं भलं व्हावं हाच त्यामागचा हेतू असतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानं गणिताचं आणि विज्ञानाचंच नुकसान होतं, आणि ते मला माझ्या कामाच्या टेबलावर रोज दिसतं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, पॅटर्न बनवतो. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू करायची तर तिचा ठसा आधी वाळूत घ्यावा लागतो. तो ठसा ज्या नमुन्यानं घेतात तो पॅटर्न. गिऱ्हाईक आम्हाला वस्तू देत नाही, ड्रॉइंग देतं. वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल अशा तीन सपाट आकृत्या, आणि आतल्या न दिसणाऱ्या कडा तुटक रेषांनी काढलेल्या. या तिन्हींवरून एक भरीव वस्तू डोक्यात उभी करायची, मग ती उलटी करायची.

उलटी म्हणजे कशी, ते बघा. बेअरिंगचा ब्रॅकेट आहे, त्याला मधोमध आरपार भोक आहे. नवा मुलगा पॅटर्नलाही भोक पाडायला निघतो. पण कास्टिंगमध्ये भोक हवं असेल तर ओतलेला रस त्या जागी जाऊ नये म्हणून तिथं वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बसवावा लागतो. कोअरला टेकायला साच्यात खोबणी हव्यात, आणि त्या खोबणी उमटायच्या तर पॅटर्नला दोन्ही अंगांनी बाहेर आलेले खुंट हवेत. म्हणजे ड्रॉइंगमध्ये भोक, पॅटर्नवर खुंट, कोअर ज्यात घडवतात त्या कोअर बॉक्समध्ये पोकळी, त्यातून निघालेला कोअर भरीव, आणि शेवटी कास्टिंगमध्ये भोक. शिवाय ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरची लांबी ५०५ धरायची. पॅटर्न वाळूतून उचलताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या अंगांना किंचित उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि साचा वरच्या व खालच्या पेटीत कुठल्या रेषेवर दुभंगायचा, हे, म्हणजे पार्टिंग, सगळ्यात आधी ठरवायचं. ती रेषा चुकली तर पॅटर्न वाळूतून निघतच नाही.

यात अवघड गणित कुठं नाही. बेरीज, टक्केवारी, थोडी त्रिकोणमिती. तरी आयटीआय, डिप्लोमा करून येणारी कष्टाळू, चांगल्या मार्कांची मुलं इथंच अडखळतात. दहावीला भूमितीत पैकीच्या पैकी मिळवलेला एक मुलगा माझ्याकडे शिकायला होता. शंकुछेदाच्या घनफळाचं सूत्र त्यानं न अडखळता म्हणून दाखवलं. मग मी त्याच्या हातात पॅटर्नवरचा ड्राफ्ट दिलेला गोल बॉस, म्हणजे गोल उंचवटा, ठेवला आणि आकार विचारला. तो म्हणाला, वृत्तचिती. कॅलिपरनं वरचा आणि खालचा व्यास मोजायला लावला. दोन्ही वेगळे निघाल्यावर तो थांबला, बॉस फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे हा शंकुछेदच की!" पुस्तकात त्यानं शंकुछेद बादलीच्या चित्रात पाहिला होता, गणितं त्या चित्रावर सोडवली होती. हातात आलेल्या वस्तूत तो शोधायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा हुशार आहे, आज तो स्वतः पार्टिंग ठरवतो. पण जे त्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी सहज आलं असतं, ते विशीत शिकावं लागलं.

माझी सून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तिचं सांगणं हेच, फक्त वेगळ्या धड्यांतून. हृदयाच्या आकृतीत डावं अलिंद कागदाच्या उजव्या बाजूला का काढतात, हा प्रश्न वर्गातली निम्मी मुलं मनातच ठेवतात आणि नावं पाठ करून मोकळी होतात. आपल्यासमोर तोंड करून माणूस उभा आहे अशी कल्पना केली की प्रश्न सुटतो, पण तशी कल्पना करायला त्यांना सांगावं लागतं. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाला अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना काटकोनात धरायची असतात. मुलं ती तिन्ही कागदाच्या पातळीत पसरतात, कारण फळ्यावरची आकृती सपाट असते. मिथेनचा रेणू वहीत अधिक चिन्हासारखा काढला जातो, म्हणून बंधांमधला कोन ९० अंशांचाच वाटतो. प्रत्यक्षात चार हायड्रोजन चतुष्फलकाच्या चार टोकांना असतात आणि कोन साधारण १०९.५ अंशांचा असतो. भिजवलेले चार हरभरे, एक बटाट्याचा गोळा आणि टूथपिक एवढ्या साहित्यात हे दहा मिनिटांत समजतं, असा तिचा अनुभव आहे. ती दहा मिनिटं मिळत नाहीत.

वस्तू मनात फिरवता येणं, कापली तर आत काय दिसेल ते सांगता येणं, सपाट आकृतीतून घन आकार वाचता येणं, याला अवकाशीय आकलन म्हणतात. त्यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ संशोधन चालू आहे. सुनेनं मला त्यातलं काही वाचून समजावून सांगितलं. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही एकाच वस्तूच्या आहेत का ते ओळखायला सांगितलं. दोन्हींमध्ये जितक्या अंशांचा फरक, त्याच प्रमाणात उत्तराला वेळ लागत गेला, साधारण सेकंदाला ६० अंश या वेगानं. म्हणजे माणसं ती वस्तू मनातल्या मनात फिरवून बघत होती. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पॅटर्नमेकर दिवसभर हेच करतो. अमेरिकेत १९६० मध्ये सुमारे चार लाख शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन पुढं त्यांचा माग ठेवला गेला. त्याचं एक विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. शाळेत ज्यांचं अवकाशीय आकलन चांगलं होतं, ती मुलं पुढं विज्ञान-अभियांत्रिकीत जास्त प्रमाणात गेलेली दिसली. निवड फक्त भाषा आणि गणिताच्या गुणांवर केली की अशी अनेक मुलं निसटतात, असंही त्यात म्हटलं आहे.

'हे उपजतच असावं लागतं' असं शिक्षक आणि पालक, दोघांकडूनही ऐकायला मिळतं. मला हे मान्य नाही आणि पुरावाही तसा नाही. मिशिगन टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापक बाईंनी १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम चालवला. प्रवेशानंतर घेतलेल्या चाचणीत जे मागं पडत, त्यांच्यासाठी. हातानं रेखाटनं करायची, ठोकळे फिरवायचे, छेद ओळखायचे. त्यातून मुलांचे गुण सुधारले आणि अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलींचं प्रमाणही घटलं. स्वतः सॉर्बी बाईंना विद्यार्थिनी असताना ड्रॉइंगचाच विषय जड गेला होता. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे की हे कौशल्य सरावानं वाढतं आणि वाढलेलं टिकतं.

मुलींबद्दल आणखी एक बोलायला हवं. 'मुलींना ड्रॉइंग जमत नाही' हे वाक्य मी उद्यमनगरात ऐकलं आहे आणि त्याचा मला राग येतो. सपाट कापडातून टक्स घेऊन अंगाला बसणारा ब्लाऊज बेतणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. सपाटातून घन आकार काढण्याचं याहून चोख काम माझ्या शॉपमध्येही होत नाही.

कोल्हापुरात तर या शिक्षणाला साहित्याची वाण नाही. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. हेच दिवस का, असं किती शाळांत विचारलं जातं? डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो. नोव्हेंबरचा किरणोत्सव त्याच्या साधारण सहा आठवडे आधी येतो आणि दुसरा साधारण सहा आठवडे नंतर. जाताना सूर्य क्षितिजावर जिथं मावळतो, परतताना पुन्हा तिथंच मावळतो. मुलांनी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आठवड्यातून एकदा रंकाळ्याच्या एकाच ठरलेल्या जागेवर उभं राहून मावळतीची जागा वहीत रेखाटली, तर दक्षिणायन आणि उत्तरायण त्यांना पाठ करावं लागणार नाही. देवीचं दर्शन घेताना त्यांच्या श्रद्धेला यानं धक्का लागत नाही, उलट ज्यांनी ते देऊळ त्या दिशेनं बांधलं त्यांच्याबद्दल आदर दुणावतो.

आणि चित्रकला ही फावल्या वेळेची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाबूराव पेंटर आठवावेत. पडदे रंगवणाऱ्या या माणसानं शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. चित्र आणि यंत्र एकाच हातात होतं. शासनाच्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत आजही घनभूमिती आहे. प्लॅन आणि एलिव्हेशन, म्हणजे वस्तू वरून आणि समोरून कशी दिसेल त्या आकृत्या, काढण्याची संधी आपल्या बहुतेक मुलांना शाळेत तेवढीच मिळते, आणि सवलतीच्या गुणांपलीकडे तिच्याकडे कुणी बघत नाही.

'आता सगळं कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगवर होतं' हे मलाही ठाऊक आहे, माझ्याकडेही पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर कापले जातात. स्क्रीन वस्तू फिरवून दाखवते. पार्टिंग कुठं घ्यायचं, कोअर कुठल्या बाजूनं बसेल, हे स्क्रीनपुढं बसलेल्यालाच ठरवावं लागतं.

मुख्याध्यापकांना विनंती, की आठवी-नववीचे चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास काढू नका, उलट त्यातला काही वेळ गणिताच्या शिक्षकांना चित्रकलेच्या शिक्षकांबरोबर एकत्र घेऊ द्या. भूमितीत आणि उन्नत-अवनत कोनांच्या गणितांत तयार आकृती देऊ नका. आधी उदाहरण वाचून मुलांना स्वतः काढू दे, चुकली तरी चालेल.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणं आहे. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात प्रत्येकाच्या माळ्यावर वापरातून गेलेले पॅटर्न आणि कोअर बॉक्स धूळ खात पडले आहेत. गिऱ्हाईकाची हरकत नसेल तिथं ते शाळांना द्या. माझ्याकडचे सागवानी पॅटर्न मी द्यायला तयार आहे. प्रत्येकाबरोबर मी स्वतः हातानं काढलेलं साधं ड्रॉइंग आणि वाळूत ओतलेला एखादा रिजेक्ट पीसही देईन. शिक्षकांनी एवढंच करावं, की पॅटर्न पिशवीतच ठेवून मुलांना आधी फक्त ड्रॉइंग द्यावं. वस्तू कशी असेल ते प्रत्येकानं मातीत किंवा साबणाच्या वडीत घडवावं, शेजाऱ्याशी वाद घालावा, आणि तास संपायला दहा मिनिटं असताना पिशवी उघडावी.

आपला,
एक पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर