हुकाच्या मागे जे असतं त्याची पॉलिसी

प्रिय मनू,

परवा तू फोनवर विचारलंस की आई, पिकअपच्या मागे ओढायच्या त्या कॅम्पिंगच्या ट्रेलरचा वेगळा इन्शुरन्स घ्यायचा का, पिकअपचा तर आहेच ना. मी म्हणाले बघून सांगते आणि तेवढ्यात इरा रडायला लागली म्हणून तू ठेवलास. पण ते माझ्या डोक्यातून काही जाईना. तू पाठवलेले पिकअपच्या आणि घराच्या पॉलिसीचे सगळे कागद मी दोन दिवस बसून वाचले, चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, ऑफिसात वाचायचे तसेच. म्हणून आता नीट लिहिते.

आधी उत्तर सांगून टाकते. घे. वेगळीच घे, आणि फोर्ट कॉलिन्समधून निघायच्या आधी घे.

आता का ते सांगते. तुला आजोबांच्या ट्रॉलीची गोष्ट मी कधी सांगितली नसेल, कारण तुझ्या जन्माआधीची आहे. कोपरगावला उसाचा हंगाम होता, बाबांचा ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याला चालला होता आणि कालव्याच्या वळणावर ट्रॉली कलंडली. ट्रॅक्टरला साधा ओरखडा नाही, हुकातली पिन वाकली आणि निसटली म्हणूनच तो वाचला, पण ट्रॉलीचा एक्सल वाकला, एका बाजूचे पत्रे फाटले आणि ऊस सगळा रस्त्यावर. माणसांना काही झालं नाही ही देवाची कृपा. बाबा निवांत होते, ट्रॅक्टरचा विमा भरलेला आहे म्हणाले. मग ऑफिसातून कागद आला की विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा वेगळा हप्ता भरलेलाच नाही, तिचं काही मिळणार नाही. त्या वर्षीच्या उसाच्या बिलातले निम्मे पैसे वर्कशॉपवाल्याला गेले. बाबा पुढे कितीतरी दिवस एकच वाक्य म्हणत होते, अगं पण जोडलेली होती ना ती. पुढे मी स्वतः विम्याच्या नोकरीला लागले, शेवटची बारा वर्षं मोटर क्लेमच्या टेबलावर काढली, आणि ट्रॅक्टर एका कागदावर नि ट्रॉली कुठल्याच कागदावर नाही अशा फाइली घेऊन आलेले कितीतरी शेतकरी समोरच्या खुर्चीत बसलेले बघितले. चालताना एक गाडी दिसते गं, कागदावर दोन असतात.

तुमच्याकडेही तेच आहे. पिकअपच्या पॉलिसीतली लायबिलिटी, म्हणजे आपल्याकडची थर्ड पार्टी समज, ती ट्रेलर हुकाला असेपर्यंत साधारणपणे त्याच्यासोबत जाते, म्हणजे ट्रेलर डोलून दुसऱ्याच्या गाडीला लागला तर त्या दुसऱ्याचं नुकसान भरून मिळेल. पण तुमच्या स्वतःच्या ट्रेलरचं काय? तो पिकअपच्या पॉलिसीत नावाने लिहिलेला नाहीये, मी शोधलं. आणि एकदा हुक काढून कॅम्पग्राउंडवर उभा केला की पिकअपच्या पॉलिसीचा आणि त्याचा संबंधच संपला.

निखिल म्हणाला होता की घराच्या पॉलिसीत सामान कव्हर असतं. असतं, पण नीट वाच. ट्रेलरसाठी तिथे मर्यादा घातलेली आहे १,५०० डॉलरची, आणि घराच्या आवाराबाहेरून ट्रेलर चोरीला गेला तर तेवढेही नाहीत, हे स्पष्ट लिहिलंय. तुम्ही ट्रेलरला दिलेत साडेसतरा हजार. आणि ट्रेलर उभा कुठे असणार, तर गावाबाहेरच्या त्या स्टोरेज यार्डात.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा जास्त लिहिते. तुम्ही वर्षात किती रात्री तो वापरणार, वीस, पंचवीस, फार तर तीस. म्हणजे उरलेले अकरा महिने तो नुसता उभा. सगळे जण ट्रेलरचा इन्शुरन्स म्हणलं की हायवेवरच्या अॅक्सिडेंटचाच विचार करतात पण तुमच्या ट्रेलरला खरी भीती उभं असतानाची आहे, गारा, आग, चोरी. गेल्या जूनमध्ये मी तुमच्याकडे होते तेव्हाची ती दुपार आठव. दहा मिनिटं सुद्धा नसेल, पण आवाज असा की कोणी पत्र्यावर खडी ओततंय, आणि थांबल्यावर आपण समोरच्या आजोबांच्या कॅम्परमध्ये गेलो तर छतावरच्या व्हेंटचं प्लास्टिकचं झाकण फुटून त्याचे तुकडे त्यांच्या पलंगावरच्या पांघरुणात, आणि मधोमध लिंबाएवढी गार अजून वितळत पडलेली. आजी ते तुकडे एकेक करून ताटलीत वेचत होत्या. त्यांची वेगळी पॉलिसी होती म्हणून डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम, कापून बाकीचे मिळाले. त्यांनीच सांगितलं ना, ८ मे २०१७ ला डेन्व्हरला गारा पडल्या तेव्हा विम्याचं नुकसान २३० कोटी डॉलरचं झालं होतं. तुम्ही राहताच गारांच्या पट्ट्यात. म्हणून काहीही झालं तरी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे गारा, आग, चोरी असल्या नुकसानीचं कव्हर, सोडायचं नाही. हिवाळ्यात ट्रेलर हलणार नाही तेव्हा काही कंपन्या कोलिजन, म्हणजे टक्करीचं कव्हर, आणि लायबिलिटी थांबवून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू ठेवू देतात, तेवढा हप्ता वाचतो, ते विचार. पण मग एप्रिलमध्ये पहिल्या ट्रिपच्या आधी आठवणीने पुन्हा चालू करायचं, हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव.

आणि रस्त्याची भीती नाही असं पण मी म्हणत नाहीये. तुम्ही वायोमिंगमधल्या ग्रँड टिटॉन पार्कला जाणार म्हणजे लॅरमीवरून आय-८० हायवे धरून रॉलिन्सपर्यंत, आणि मध्ये ते आर्लिंग्टन, एल्क माउंटन. तिथला वारा मी गाडीत बसून अनुभवलाय, निखिलने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. तिथे बोर्डावर येतं की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद. तुमचा चोवीस फुटी ट्रेलर म्हणजे तेच, हलका आणि उंच. बोर्ड लागला तर थांबायचं, लॅरमीत रात्र काढायची. कुठल्याही पॉलिसीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं, इरा गाडीत असते.

आता पॉलिसी घेताना काय बघायचं. आपल्याकडे आयडीव्ही असते, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तुला माहितेय, गाडी पाच वर्षांची होईपर्यंत किंमत निम्म्यावर आणतात. तिकडे तसंच अॅक्चुअल कॅश व्हॅल्यू असतं, म्हणजे घसारा वजा करून, आणि ट्रेलरची किंमत फार पटकन उतरते. दुसरा प्रकार अॅग्रीड व्हॅल्यू, आधीच आकडा ठरवून कागदावर लिहितात आणि पूर्ण नुकसान झालं तर तोच देतात. हप्ता थोडा जास्त असतो पण जुना आणि चांगला ठेवलेला ट्रेलर असेल तर मला तेच बरं वाटतं. निखिलने लावलेलं सोलर पॅनल आणि नव्या बॅटऱ्या वेगळ्या सांगून लिहून घ्यायच्या, बिलं जपून ठेव. व्हेकेशन लायबिलिटी असू दे, म्हणजे कॅम्पवर उभा असताना कोणी पायरीवरून पडलं किंवा गॅसमुळे शेजारच्याचं काही जळलं तर. आणि ते भाड्याने द्यायचं जे तुमचं चाललंय ना, ते आधी कंपनीला विचारल्याशिवाय अजिबात नको, साध्या घरगुती पॉलिसीत भाड्याने दिलेली गाडी बहुतेक वेळा बसत नाही.

पिकअपचं पण एक. तुमची लायबिलिटी अजून कोलोरॅडोच्या किमानावरच आहे, २५-५०-१५. म्हणजे एका माणसाच्या इजेला २५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ५० हजार, आणि दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान १५ हजारांपर्यंतच. तिकडे नवा पिकअप आता बऱ्याचदा ५० हजारांच्या पुढे जातो, मागे एवढं धूड ओढताना १५ हजार कशाला पुरणार. ती वाढवून १००-३००-१०० तरी कर. खरं तर ट्रेलरच्या पॉलिसीच्या आधी हे कर.

ट्रेलरच्या पॉलिसीचे वर्षाला ३८० डॉलर तुला जास्त वाटले हे मला कळतं, डेकेअरचा खर्च मी बघितलाय. कायद्याने सक्ती नाही, कर्ज नाही म्हणून बँकेची पण नाही. हाच ट्रेलर तीन हजारांचा जुनाट असता तर मीच म्हणाले असते राहू दे, लायबिलिटी घे आणि पैसे बाजूला टाक. पण साडेसतरा हजार तुम्ही तीन वर्षं साठवले होते, बाहेर जेवायला न जाता, ते मला माहितेय. उद्या गेला तर दुसरा घ्यायला जमेल का, एवढंच दोघं बसून एकमेकांना विचारा.

आणि एक राहिलं. छतातून हळूहळू झिरपणारं पाणी, कुजलेलं लाकूड, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, याला देखभाल म्हणतात. ट्रेलर बघायला गेलो तेव्हा पलंगाच्या कोपऱ्यात मी भिंत अंगठ्याने दाबली होती, आठवतं का, विकणारा बघतच राहिला. ती कडक होती म्हणूनच मी हो म्हणाले. तसं दर दोन महिन्यांनी चारही कोपरे दाबून बघ, कुबट वास येतो का बघ, छताच्या कडेचं सीलंट वर्षातून दोनदा शिडी लावून बघा. टायरवर डॉट नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघून मला पाठव, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन साल, सहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदला. आणि यार्डात ट्रेलर कपलरला, म्हणजे हुकावर बसतो त्या भागाला, कुलूप लावल्याशिवाय ठेवायचा नाही.

सोमवारी तुझ्या सकाळी आठ वाजता फोन करते. दोन्ही कोटेशनची पहिली पानं समोर ठेव, आकडे मला वाचून दाखव, मग ठरवू. इराला पापा, निखिलला आशीर्वाद.

तुझी,
आई