तुझ्या बिल्डिंगचा रॅम्प मोजून आलो

माहीम, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय मंद्या,

कुठली स्पोर्ट्स कार घेऊ हे विचारायला तुझा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो, म्हणून नुसतं हं-हं केलं. आता निवांत लिहितो.

सचिनची फेरारी ३६० मोडेना मुंबईत आली तेव्हा आपण सायकली काढून वांद्र्याला गेलो होतो, आठवतं? दोन तास उभे राहिलो, गाडी काही दिसली नाही, उलट वॉचमनने हाकललं. त्या गाडीच्या सीमाशुल्कावरून केवढा गदारोळ झाला होता, शेवटी ते फियाटने भरलं. आजही बाहेरून तयार येणाऱ्या अशा गाडीवरचं शुल्क मूळ किमतीच्याही वर जातं. तेव्हा तू सेकंडहँड बघतोयस हे चांगलंच आहे. प्रश्न एवढाच की लॅम्बोर्गिनीची हुराकान की पोर्शेची ९११, आणि तीही रोज शिवाजी पार्कहून नरिमन पॉइंटला न्यायला.

परवा तू पुण्याला होतास तेव्हा मी तुझ्या बिल्डिंगमध्ये जाऊन आलो. माझ्या गॅरेजमध्ये एक हुराकान आली होती, तिच्या नाकाच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि तुमचा रॅम्प रस्त्याला मिळतो तिथे धरला. वॉचमनला वाटलं मी महापालिकेचा माणूस, खुर्ची दिली बिचाऱ्याने. पुठ्ठा दुमडला, मंद्या. पेव्हर ब्लॉक बसवताना कडेला जो उंचवटा ठेवलाय ना, तिथेच. नाक वर उचलायचं बटण असतं, पण रोज दोनदा, मागे टॅक्सीवाला भोंगा वाजवत असताना, ते तुला आठवणार आहे का? लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी अंगठी घरीच राहिलेला माणूस तू. नव्या ९११ मध्ये ही सोय ऐच्छिक मिळते. एकदा जागा लक्षात ठेवायला सांगितली की तिथे पोचल्यावर नाक आपोआप उचललं जातं. सेकंडहँड घेताना ती बसवलेली आहे ना, हे आधी बघ. मागाहून बसवणं फार किचकट काम आहे.

पार्किंगचंही तेच. हुराकानची रुंदी १९२४ मिमी, आरसे सोडून. ९११ ची १८५२. तुझी स्विफ्ट १७३५, आणि तीच तू एकावर एक गाड्या लावायच्या स्टॅकमध्ये लावताना तोंडाचा चंबू करतोस.

गियरबॉक्सचं मात्र नीट ऐक, कारण दलाल तुला हुराकानच्या आधीची, स्वस्तातली गॅलार्डो दाखवणार. ई-गियरवाली, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली असेल तर हात जोड. क्लच एकच, तो दाबायला हायड्रॉलिक पंप. प्रभादेवीला गाडी दहा-दहा फूट सरकते तेव्हा तो बिचारा सारखा हाफ क्लचवर घासत राहतो. मी एका गिऱ्हाइकाची अशी प्लेट बाहेर काढली होती, पापडासारखी जळालेली. अख्खा गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो त्यासाठी. २०१४ ला आलेल्या हुराकानमध्ये दोन क्लचचा बॉक्स आहे, ९११ मध्ये तर २००८ पासून. ते ट्रॅफिक बरंच निभावून नेतात.

आवाजाचं म्हणशील तर हुराकानचा दहा सिलिंडरचा, ५.२ लिटरचा व्ही-टेन सुरू झाला की मीसुद्धा हातातला पाना खाली ठेवतो. पण हुराकानची नंतरची इव्हो आवृत्ती शंभरचा वेग २.९ सेकंदांत गाठते, आणि आपल्या कोस्टल रोडची मर्यादा ८०, बोगद्यात ६०. म्हणजे मजा संपायला तीन सेकंदही लागत नाहीत, उरलेला वेळ वरळीच्या सिग्नलला. तिथे तुझं डोकं बेस्टच्या बसच्या चाकाशी, कारण हुराकानची उंची ११६५ मिमी. डिलिव्हरीवाल्या पोरांच्या बाईकचे आरसे तर तुझ्या कानाशी.

आणि काकू? त्यांचे गुडघे. त्यांना हुराकानमध्ये बसवायचं म्हणजे पाटावर बसवण्यासारखं, आणि उठवायला दोघं लागतील. ९११ पण बुटकीच, पण सीटच्या कडेवर टेकून आत वळता येतं. मागच्या सीटा नावाला आहेत, त्यावर पिशव्या ठेवायच्या. पुढच्या डिकीत १३२ लिटर जागा, दादरच्या मंडईपुरती भरपूर.

पावसाळ्यात कुठलीही घे, हिंदमाताच्या पाण्यात घालू नकोस. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या विम्यात ते धरत नाहीत, वेगळं कवच घ्यावं लागतं. ते पहिल्याच दिवशी घे.

मी ९११ म्हणतोय. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तुला लोकांनी वळून बघायला हवंय, आणि ९११ कडे वळून बघणारे फक्त माझ्यासारखे.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला ये. ओळखीच्या एकाची ९११ चालवायला मिळतेय. काकूंना घेऊन ये, आधी त्यांना बसवून बघू.

तुझा,
पक्या

ता. क. पुठ्ठा वॉचमनकडे ठेवलाय, फेकू देऊ नकोस.