बॅटरी बदला म्हणण्याआधी करंट मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडी चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सेल्फ मारला की नुसतं कटकट कटकट, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि बंद. मग ज्याला विचाराल तो एकच सांगतो, बॅटरी गेली, नवीन टाका. नवीन टाकली की महिना दोन महिने बरं चालतं आणि परत तेच, आणि तेव्हा दुकानदार म्हणतो की बॅटरी पूर्ण उतरवली गेलीय, हे वॉरंटीत बसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यात उभी गाडी किती करंट खातेय हे कुणी मोजतच नाही, आणि मोजायला लागतो तो साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं हातातलं यंत्र) आणि तासभर धीर. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे हे मान्य.

गाडी बंद केली म्हणजे सगळं बंद झालं असं नसतं. घड्याळ, अलार्म, रिमोट लॉकचा रिसिव्हर, इंजिनच्या कंप्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच, साधारण २० ते ५० मिलिअँपियर म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपियर, तेवढा चालतो. ३० धरला तर दिवसाला पाऊण अँपियर-तासाच्या आसपास जातो, म्हणजे ४५ अँपियर-तासाची बॅटरी महिन्याभरात निम्म्यावर येते. तेव्हा गाडी दीड महिना उभी होती आणि चालू झाली नाही तर उगाच चोर शोधू नका, गाडी ठीक आहे, लांब जाणार असाल तर निगेटिव्हची वायर काढून ठेवा. पण हाताच्या बोटाएवढा ५ वॉटचा बल्ब जर आत कुठे जळत राहिला तर तो एकटा ०.४ अँपियर खातो, दिवसाला जवळजवळ १० अँपियर-तास, आणि तीच बॅटरी दोन तीन दिवसांत गाडी उचलेनाशी होते.

आता आधी बॅटरीलाच दोषमुक्त करायचं. पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह टर्मिनल सुटं करा, काही तास तशीच राहू द्या आणि व्होल्टेज बघा, चांगली असेल तर १२.६ च्या आसपास दिसेल. रात्रभर सुटी ठेवून सकाळी परत मोजा. कुठेच जोडलेली नसताना १२.२ वगैरेवर आली तर बॅटरीच आतून गेलीय, मग खुशाल बदला, वाद नाही. तशीच टिकून राहिली तर दोष गाडीत आहे आणि नवीन बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पुन्हा पाणी भरणं.

करंट मोजताना मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडायचा, लाल पिन १० अँपियरच्या भोकात. करंटवर लावलेला मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर आडवा कधीही टेकवायचा नाही, तो सरळ शॉर्ट होतो. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे घाईत कुणीच करत नाही, थांबायचं. मीटर जोडल्या जोडल्या आकडा २-३ अँपियरसुद्धा दिसतो आणि लोक ओरडतात सापडलं सापडलं, अहो काही सापडलेलं नाही, गाडीतले कंप्युटर जागे झालेत एवढंच. ते झोपायला वीस मिनिटं, काही गाड्यांत पाऊण तासही घेतात, आकडा पायरी पायरीने खाली येतो. दार उघडं ठेवायचं असेल तर दाराचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं, बॉनेटला स्विच असेल तर त्याचंही तसंच, आणि बटण स्टार्टवाली गाडी असेल तर चावी खिशात ठेवून गाडीपाशी उभे राहू नका, ती दर थोड्या वेळाने गाडीला जागं करते.

आकडा स्थिर झाल्यावरही ०.३, ०.४ वर अडकून बसला की मग फ्यूज. एकेक फ्यूज काढून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, ज्या फ्यूजने आकडा धाडकन ०.०३ वर येतो ती लाईन. पण नव्या गाड्यांत फ्यूज काढला की, परत लावताना तर नक्कीच, सगळं पुन्हा जागं होतं आणि थांबणं नव्याने सुरू. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावर धातूचे जे दोन बारीक ठिपके उघडे असतात तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावून टेकवा. शून्य आला तर त्यातून काही जात नाहीये, पॉइंट काहीतरी दाखवलं तर जातंय. कशाला हात न लावता बसल्या बसल्या लाईन कळते, आणि ही युक्ती गॅरेजमध्ये करताना मी फार थोड्यांना पाहिलंय.

सापडतं काय, तर बहुतेक वेळा मागाहून लावलेलं काहीतरी. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम, ट्रॅकर, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेलं ब्लूटूथचं यंत्र. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्याने सेटची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वरून काळी टेप मारली होती. पिवळी मेमरीसाठी कायम चालू असते, लाल चावीवर चालू बंद व्हायला हवी, दोन्ही कायमच्या लाईनवर गेल्यावर सेटला गाडी बंद झालीय हे कळणारच कसं, स्क्रीन काळी दिसायची पण सेट आतून जागाच. तोपर्यंत बॅटरी बदलून झाली होती हे सांगायला नकोच. त्यानंतर नंबर डिकीतल्या आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या दिव्याचा. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही हे बघायला मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा, दोन मिनिटांत निकाल. चिकटलेला रिले (करंटने चालू बंद होणारा स्विच) असतो तोही हाताला कोमट लागतो.

आणि सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नसेल तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो. त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत आतल्या फ्यूजबॉक्समधून जात नाही म्हणून ती या तपासातून सुटते. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड गेला की बंद गाडीत करंट उलटा वाहतो, इंजिन गार आणि ऑल्टरनेटर मात्र कोमट असं झालं की समजायचं. बॅटरी सुटी करून ती वायर काढा, टोकाला नीट टेप लावा, मग परत मोजा.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा हा जो सल्ला सगळे देतात त्यानेही यातलं काही सुटत नाही, आयडलवर ऑल्टरनेटर जेमतेम चार्ज करतो आणि इकडे गळती चालूच. शिवाय लेड ॲसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, दोन चार वेळा असं झालं की नवीन बॅटरीही कायमची अधू होते, मग वॉरंटीवाल्याचं म्हणणं अर्धं खरंच असतं.

म्हणून तुमच्या गाड्यांच्या पानावर एकदा हे मोजमाप फोटोसकट छापा, सनरूफवरचा लेख पुढच्या आठवड्यात चालेल. आणि बॅटरी विकणाऱ्यांना विनंती, बिलावर बॅटरीचा नंबर लिहिता तसा गाडी झोपल्यानंतरचा करंटही लिहून द्या. ०.०३ लिहिलेलं असेल आणि तरी बॅटरी बसली तर ती तुमची, ०.४ लिहिलेलं असेल तर आधी वायरमनकडे जायचं हे गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कळेल.

आपला,
एक वाचक