स्टूल रुटीन ठेवच

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या गावी लॅब सुरू करते आहेस हे वाचून फार आनंद झाला. स्टूल रुटीन, म्हणजे शौचाची नेहमीची मायक्रोस्कोपखालची तपासणी, ठेवावं का, असं विचारलं आहेस. जरूर ठेव. रक्ताचं मशिन कुणीही घेईल. शौचाची स्लाईड मन लावून बघणारं माणूस गावात असणं जास्त मोलाचं आहे.

आधी डबीचं बघ. रुंद तोंडाची, कोरडी, लघवी किंवा संडासातलं पाणी न लागलेली, आणि शक्यतो औषध सुरू होण्याआधीची. पातळ जुलाब असेल तर अर्ध्या तासात स्लाईड लावायची. नंतर हलते अमीबा आणि जिआर्डिया, हे आतड्यातले एकपेशीय परजीवी, मरून विरघळायला लागतात. पहाटेची डबी दुपारी तपासून 'काही आढळले नाही' लिहिणं म्हणजे पेशंटची फसवणूक, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय सिस्ट, म्हणजे या परजीवींची कवचातली रूपं, रोज पडत नाहीत. एक दिवसाआड अशा तीन डब्या मागव; लोक कुरकुर करतात, पण समजावलं की आणतात.

एका स्लाईडवर सलाईन आणि आयोडिन, दोन्ही थेंब घे. सलाईनमध्ये हालचाल दिसते, आयोडिनमध्ये सिस्टची केंद्रकं. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्लाईडखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घेऊन उजेड कमी कर, नाहीतर सिस्ट उजेडात हरवतात. जिआर्डिया ओळखायला सोपा, अंडाकृती सिस्टमध्ये चार केंद्रकं. मायक्रोस्कोपने पहिल्यांदा जंतू पाहणाऱ्या लेवेनहुकने 1681 मध्ये स्वतःच्याच जुलाबात पाहिलेला प्राणी तो हाच, असं मानतात. सिस्ट विरळ असतील तर फॉर्मॉल-ईथरने गाळ काढ, म्हणजे त्या तळाशी एकवटतात. त्यात हलते जीव मात्र टिकत नाहीत, म्हणून साधी स्लाईड सोडू नकोस.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. चार केंद्रकांची, 10 ते 20 मायक्रॉनची गोल सिस्ट दिसली की आपल्याकडे सर्रास 'एन्टामिबा हिस्टोलिटिका' (आव पाडणारा अमीबा) लिहितात. पण हुबेहूब तशीच दिसणारी, निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पार असते. फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ ब्रुम्प्टने 1925 मध्येच हे मांडलं होतं, ते सर्वमान्य व्हायला 1993 उजाडलं. मायक्रोस्कोपखाली दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. अमीबाने तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो. खात्री अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआरनेच. तोवर रिपोर्टवर 'हिस्टोलिटिका/डिस्पार' असं जोडनाव लिही. डॉक्टर विचारतील, तेव्हा शांतपणे सांग. आपल्या एका शब्दावर धडधाकट माणसाला मेट्रोनिडॅझोल या अमीबावरच्या औषधाचा कोर्स गिळावा लागतो. मॅक्रोफेजलाही (शरीराच्याच मोठ्या भक्षक पेशीला) अमीबा समजणारे आहेत, तेव्हा केंद्रक बघितल्याशिवाय नाव घेऊ नकोस. आठपर्यंत केंद्रकं असलेली एन्टामिबा कोलाय (ई. कोलाय जिवाणू नव्हे) ही तर रोग न करणारीच.

क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा आणखी एक परजीवी रुटीनमध्ये बहुतेक निसटतो. जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा, यीस्टसारखा दिसणारा. त्याला मॉडिफाइड झेड-एन (झील-नेल्सन) स्टेन लागतो; त्यातलं आम्ल टीबीच्या स्टेनमधल्यापेक्षा सौम्य असतं. मग निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोळे उठून दिसतात. क्लोरीनला तो सहज दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या नळाच्या पाण्यातून त्याच्यामुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. एचआयव्हीचे पेशंट आणि वाळत चाललेली लहान मुलं यांच्या जुलाबात हा स्टेन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसला तरी लाव. त्याच स्टेनमध्ये 8 ते 10 मायक्रॉनचे, काही गडद तर काही जवळजवळ बिनरंगी गोळे दिसले, तर तो सायक्लोस्पोरा हा दुसरा परजीवी. त्याचं औषधच वेगळं, को-ट्रायमॉक्सॅझोल. म्हणून आयपीसमधल्या मायक्रोमीटरचे (माप घ्यायच्या बारीक पट्टीचे) पैसे वाचवू नकोस. अंदाजाने माप लिहायचं नाही.

शंका वाटेल त्या स्लाईडचा फोटो रात्री-अपरात्रीही पाठव. त्या डबीतला थोडा भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेव आणि थोडा काहीही न घालता फ्रीजमध्ये, म्हणजे अँटिजेनसाठी पुढे पाठवता येईल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वसुधा