गच्चीवरची रब्बी

मंगळवार पेठ, सातारा
संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय बाळू,

तुझा फोटो आला तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. मिनियापोलिसच्या तुझ्या परसात गुडघाभर बर्फ आणि त्यातून दुधाच्या प्लास्टिक कॅनच्या नुसत्या माना वर आलेल्या. खाली तुझी एकच ओळ, 'आत बी पेरलंय.' मी तो आईला दाखवला. तिने चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, 'बर्फात पेरल्यालं उगवतंय व्हय?' तिला नीट सांगता यावं म्हणून आधी वाचत गेलो, मग गच्चीवर करून बघायला लागलो, आणि त्यात दोन थंड्या गेल्या. फोनवर हे सगळं होत नाही रे. मी निवांत बोलायला बसतो तेव्हा तू कामाला निघालेला असतोस. म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्याकडची रीत मला बरोबर कळली का ते बघ. पावणेचार लिटरचा कॅन मधोमध कापायचा, पण मुठीपाशी थोडं जोडलेलं ठेवायचं, म्हणजे वरचा भाग पेटीच्या झाकणासारखा उघडतो. बुडाला भोकं पाडायची, चार बोटं ओली माती भरायची, बी टाकायचं, चिकटपट्टी लावायची आणि टोपण काढून कॅन उघड्यावर ठेवून द्यायचा. टोपणाच्या भोकातून पाऊस-बर्फ आत जातो, वाफ बाहेर पडते. बी गोठतं, सैल होतं, परत गोठतं. त्यात कठीण टरफल मऊ पडतं, आणि काही जातींच्या बियांत उगवण रोखून धरणारी जी द्रव्यं असतात तीही थंड ओलाव्यात हळूहळू कमी होतात. मग वसंतात ऊन चढलं की ज्याची वेळ झाली ते आपणहून वर येतं. लाँग आयलंडच्या ट्रुडी डेव्हिडॉफ यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली असं वाचलं. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की घरात दिवे लावून बीला उठवत बसावं लागत नाही. कधी उगवायचं ते त्याचं तेच बघतं.

पहिल्या थंडीत मी तुझंच जसंच्या तसं केलं. आपल्याकडे दूध पिशवीतून येतं, म्हणून शेजारीपाजारी सांगून पाच लिटरचे तेलाचे कॅन गोळा केले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅस्टर, पिटुनिया, टोमॅटो आणि पालक पेरला, चिकटपट्टी लावली आणि अजिंक्यताऱ्याकडच्या कठड्याला कॅन रांगेत मांडले. सकाळी आतून थेंब लोंबलेले असायचे, बघून बरं वाटायचं. पालक सातव्या दिवशी दिसला, टोमॅटो नवव्या. अकराव्या दिवशी दुपारी एक वाजता वाळवण काढायला वर गेलो आणि सहज एका कॅनला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर आणून आत धरला. गच्चीवर सावलीत २९ अंश होते, कॅनमध्ये ४७. पालकाची पानं वाफवल्यासारखी झाली होती आणि टोमॅटोची रोपं मातीला चिकटलेली. टोपण काढलेलं होतं, पण तेवढ्याशा भोकातून किती वाफ निघणार! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पालकाचं काही नाही, पण टोमॅटोचं बी आईने जपलेलं होतं.

मग बसून विचार केला. तुझ्याकडे जानेवारीत दुपारीसुद्धा पारा शून्याच्या खाली. तिथे बंद कॅन आतली ओल राखतो, बीला वाऱ्यापासून आणि पाखरांपासून सांभाळतो. आपल्या इथे पहाटे बारा-तेरा अंशांत हातपाय आखडतात आणि दुपारी त्याच गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक वर्षी येते, पण तिथेही दहा वाजले की ऊन लख्ख. तुमच्या हिवाळ्यात बी थांबतं. आपला हिवाळा तर पेरणीचाच. गहू, हरभरा, शाळू सगळं याच गारव्यात वाढतं, आणि शाळू तर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दहिवरावर हाती येतो. भल्या पहाटे तुमच्या कोरेगावच्या रानात आपण हरभऱ्यावरून धुतलेलं फडकं फिरवायचो आणि ते पिळून आंब, म्हणजे ते आंबट दव, धरायचो, आठवतं? बोटं बधिर व्हायची आणि तुझी आजी बांधावरून ओरडायची. थंडीत कसं पेरायचं हे आपल्या घरादाराला माहीत होतं आणि मी ते कॅनमध्ये शोधत होतो.

वाट आईने दाखवली. ती म्हणाली, 'घट बघत न्हाईस का?' नवरात्रात ती पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरते, देवघराच्या कोपऱ्यात. नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं, पण पिवळं आणि लुळं. घटाचं ठीक आहे, ते दसऱ्याला उपटून टोपीत खोवायचं असतं. रोप म्हणून तेच बाहेर लावलं तर दुपारपर्यंत मान टाकेल. उजेड कमी पडला की रोप पानं वाढवायचं सोडून उजेडाच्या शोधात नुसतं खोड लांबवत जातं. मी दर वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत मिरचीची रोपं करायचो, ती अशीच काडीसारखी व्हायची आणि वाफ्यात नेली की निम्मी जायची. पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. कमी पडत होतं ते ऊन आणि वारा. उघड्यावर उगवलेलं रोप बुटकं राहतं, देठ जाड, पान गर्द. वाऱ्याने सारखं हलत राहिल्यामुळे खोड घट्ट होतं. वाफ्यात लावण्याआधी त्याला आठवडाभर उन्हाची सवय करावी लागत नाही, कारण ते पहिल्या दिवसापासून उन्हातच असतं. बाळू, तुझ्या कॅनमधून माझ्या गच्चीवर आणण्यासारखं जे होतं ते एवढंच. बी त्याच्या ऋतूत, बाहेर पेरायचं. चिकटपट्टी तुझ्याकडेच राहू दे.

या वर्षी कोजागिरी झाल्यावर सुरुवात केली. कॅन तेच, पण रिठ्याच्या कढत पाण्याने दोनदा धुतले. तेलाचा ओशटपणा राहिला तर पाणी मातीत मुरत नाही. दाभण तापवून बुडाला आठ भोकं पाडली आणि बुडापासून बोटभर वर बाजूंना चार. माती कालवायला मात्र मी पुरा एक रविवार दिला आणि तो सत्कारणी लागला. संगम माहुलीकडून आणलेला नदीच्या गाळाचा पोयटा एक घमेलं, चाळलेलं जुनं शेणखत एक घमेलं, भिजवून फुगवलेलं कोकोपीट एक घमेलं. शेणखत ताजं अजिबात नको, ते मातीत तापतं आणि त्याबरोबर मुळं खाणारी हुमणीही येते. खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपकारक बुरशी, मिसळून ते आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ओलसर ठेवलं होतं. गेल्या वर्षी चटक्यातून जी वाचली ती रोपं मर रोगाने गेली होती. संध्याकाळी धडधाकट दिसणारं रोप सकाळी आडवं, आणि मातीलगत देठ दोऱ्यासारखं बारीक झालेलं. माती रात्रभर चिंब आणि हवा कोंडलेली, की बुरशीला दुसरं काही लागत नाही. म्हणून आता पाणी सकाळीच, आणि मातीत बोटाचं पेर घालून बघितल्याशिवाय नाही. संध्याकाळी झारीला हात लावत नाही.

झाकणांचं असं ठरवलं. रात्री आठच्या सुमाराला मिटायची, सकाळी ऊन गच्चीवर आलं की पूर्ण उघडायची. उघड्या कॅनवर दुपारी आईच्या जुन्या सुती लुगड्याचा एक पदर ताणतो. कोंब सगळे वर येईपर्यंतच हे करायचं. बीच्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं फुटली की झाकण कापून बाजूला.

प्रत्येक बीची रीत निराळी, आणि खरी गंमत त्यातच आहे. पिटुनियाचं बी धुळीसारखं, शिंकलात तर उडून जाईल. त्याला उगवायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून वरवर भुरभुरायचं, वरून माती घालायची नाही, आणि कॅन पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यायची. वरून पाणी घातलंस तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. डॉगफ्लॉवरचंही तसंच. नॅस्टर्शियमचं बी वाटाण्याएवढं, ते रात्रभर भिजवून पेरभर खोल. धने तसेच्या तसे पेरायचे नाहीत, चपलेच्या तळव्याखाली हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करायचे. एका धन्यात दोन बिया असतात. तरी थंडीत कोथिंबिरीने सतरा दिवस घेतले. सोळाव्या दिवशी मी ती माती उकरणार होतो, आईने हात धरला, आणि सतराव्या दिवशी सकाळी हिरवी रेघ उमटलेली! मेथी मात्र चौथ्या दिवशी. मुळा आणि गाजर कॅनमध्ये करूच नकोस, त्यांना जागा बदललेली सोसत नाही. सोटमूळ एकदा दुखावलं की गाजराला फाटे फुटतात.

मुंग्यांनी राजगिऱ्याचं बी एका रात्रीत उचलून नेलं. कॅनखाली विटा आणि विटांभोवती राख, याने थांबल्या. चिमण्यांसाठी मेथीवर उसाचं पाचट अंथरलं, कोंब निघाले की काढलं.

तू तिकडची फुलं पाठवतो म्हणालास, एकिनेशिया आणि ल्युपिनचं बी. नको पाठवूस, मनापासून सांगतो. परदेशातून बी आणायला परवाना आणि वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्याच्याशिवाय पाकिटातून आलेलं बी एखादा रोगही घेऊन येऊ शकतं. आणि तुझ्या बियांना जी लांबलेली ओली थंडी मानवते ती साताऱ्याच्या गच्चीवर आणू कुठून? इथल्या दुकानातल्या लार्कस्परवर मात्र एक प्रयोग केला. ते बी ओल्या वाळूत मिसळून डबीत घातलं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवलं. मग नोव्हेंबरात पेरलं. निम्म्याहून जास्त उगवलं आणि आज त्यातल्या तीन रोपांवर निळे तुरे आहेत. तेवढ्यापुरता तुझा बर्फ माझ्या फ्रिजमध्ये होता असं म्हण.

हे करताना कासचं पठार फार आठवलं. तिथल्या सड्यावरचा तेरडा, गेंद, सीतेची आसवं ऑक्टोबरअखेर वाळतात आणि बी सुटतं. ते त्या उघड्या जांभ्यावर पूर्ण हिवाळा काढतं, मग मार्च ते मे पाय भाजणाऱ्या दगडावर पडून राहतं. मध्येच अवकाळीची एखादी सर येते, तिला फसलं तर महिन्याभरात करपून जाईल. जूनचा पाऊस लागून राहिला की मगच उगवतं. तुझ्या परसातलं बी थंडी सरायची वाट बघतं, कासचं बी पावसाची. तिथलं बी मी आणलेलं नाही आणि कुणी मागितलं तरी आणणार नाही. ते त्या सड्याचं आहे.

आता सध्याचं सांगतो. संक्रांतीच्या सुगडांची यंदा घरात रास पडली, आमच्या दोन सुना आणि आई मिळून पंधरा. एरवी ती तुळशीपाशी पडून फुटतात. मी त्यांना खाली भोकं पाडली. पाच दगावली, मग ध्यानात आलं की रात्रभर पाण्यात भिजवून खिळ्याने हळूहळू फिरवत गेलं की तडकत नाहीत. त्या दहांत उन्हाळी वांगी आणि मिरची पेरलीय. मातीच्या भांड्याच्या अंगातून पाणी झिरपत राहतं, दुपारीही आतली माती गार लागते. वांग्याला मात्र उगवताना ऊब हवी, म्हणून रात्री सुगडं जिन्याच्या पत्र्याखाली, भिंतीला टेकवून. दिवसभर तापलेली भिंत पहाटेपर्यंत थोडी ऊब देते.

वांग्याचं बी आईचं. कृष्णाकाठची जांभळी काटेरी वांगी, तिच्या माहेरून आलेली. झाडावर एक फळ पिवळं होईपर्यंत ठेवायचं, फोडून पाण्यात कुस्करायचं, तरंगेल ते टाकायचं, बुडालेलं बी राखेत घोळून सावलीत वाळवायचं. किती वर्षं ती हे करतेय ते तिलाही सांगता येत नाही. यंदा पहिल्यांदाच तिने फळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर बसून राहिली. गुडघे साथ देत नाहीत आता. मी कुस्करत होतो आणि ती वरून सांगत होती, 'आजून. आजून. साल सुटू दे.'

तेरा दिवस झाले, दहांपैकी सात सुगडांत वांगी दिसताहेत. कोंब अजून वाकलेले आहेत, एकाच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच अडकून बसलंय. ते ओढायचं नाही, ओल्या बोटाने नुसतं भिजवायचं, हे आता माहीत झालंय.

तुझे कॅन कधी उघडतोस ते कळव. पहिला कोंब कुठल्या बीचा आला आणि त्या दिवशी बाहेर किती अंश होते, दोन्ही लिहून ठेव, मला इकडच्या वहीशी ताडून बघायचंय. वहिनींना आणि लेकीला आशीर्वाद. मे महिन्यात येणार असशील तर आधी सांग, चार रोपं तुझ्या भावाच्या परड्यात लावून ठेवतो. तू येईपर्यंत त्यांना वांगी धरलेली असतील.

आई खालून विचारतेय, झाकणं मिटली का. आठ वाजून गेलेत, जातो.

तुझाच,
नाना