व्ही-8 कूपच्या केबिनमधील दोषांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील गाडीच्या केबिनमधील दोष तीन जॉबकार्डांनंतरही कायम असल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मागची सीट नावापुरती आहे, पण कूप म्हणजे दोन दारांच्या स्पोर्टी गाडीत ते गृहीतच असतं. तक्रार आहे ती ड्रायव्हर जिथे बसतो आणि जिथे हात लावतो त्या भागाची. केबिनमधल्या आवाजाबद्दल तिन्ही जॉबकार्डांवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदींवर) शेरा एकच : 'नॉर्मल कॅरेक्टरिस्टिक'. तो मला मान्य नाही.

गिअरचा कन्सोल डॅशबोर्डच्या मधल्या पॅनेलला जिथे टेकतो, तिथून 30-40 च्या वेगात पेव्हर ब्लॉकवर कुरकुर येते. गाडी उन्हात तापली की वाढते, एसी तासभर चालला की कमी होते, आणि सांध्यावर तळवा दाबून धरला की साफ थांबते. म्हणजे दोष सस्पेन्शनचा नाही. (तरी पहिल्या खेपेला सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले गेले.) दोन कडक प्लास्टिकं उन्हाने फुगून एकमेकांवर घासतात, मधे फेल्टची पट्टी नाही. शिवाय स्क्रीनच्या वायरिंगसाठी पॅनेल उघडलं तेव्हा जुन्याच क्लिपा परत ठोकल्या. पत्र्याची क्लिप एकदा ओढून काढली की तिची पकड जाते, ती नवीनच लावायची असते.

दुसऱ्या खेपेला सांध्यात सिलिकॉन स्प्रे मारला. आवाज काही दिवस थांबला, मग त्यावर धूळ बसली आणि पुन्हा सुरू झाला. आता काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, एअरबॅगच्या वायरिंगसाठी ठरलेला वेळ थांबून पॅनेल काढावं. सगळ्या क्लिपा नव्या घालाव्यात, दोन्ही कडांना फेल्ट टेप लावावी. आणि चाचणी दुपारी घ्यावी : गाडी दोन तास उन्हात उभी करून, एसी न लावता, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर. सकाळी डांबरी रस्त्यावर, एक्झॉस्ट मोठ्या आवाजाच्या स्पोर्ट मोडला ठेवून कुरकुर ऐकायला जाणं म्हणजे ढोल-ताशात घड्याळाची टिकटिक शोधणं.

ड्रायव्हर सीटची उजवी कड 9,000 किलोमीटरमध्ये बसली आहे. सीट खोल आणि दार लांब असल्याने उतरताना सगळं वजन त्याच कडेवर येतं, हे डिझाइन करणाऱ्यांना माहीत असायला हवं. यावर आपला शेरा 'वेअर अँड टेअर', म्हणजे वापराने होणारी झीज, असा आहे. कव्हरला सुरकुत्या पडल्या असत्या तर मी तो मानला असता. पण डावी कड अंगठ्याने दाबली की लगेच वर येते, उजवीत खळगा राहतो. हा फोमचा दोष आहे. त्यावर नुसतं कव्हर ताणून भागणार नाही, फोम बदलावा.

त्याच सीटला ब्रोशरमध्ये 'लेदर सीट' म्हटलं आहे. सीटखाली कव्हरची दुमडलेली कड उलटून पाहिली तर बाजूच्या पट्टीला आतून विणलेलं कापड दिसतं. चामड्याची आतली बाजू स्वेडसारखी तंतुमय असते. म्हणजे लेदर फक्त मधल्या भागात, बाजू आणि पाठ रेक्झिनची. रेक्झिन वापरायला हरकत नाही, पण तसं छापा.

एसीचा पंखा आणि तापमान दोन्ही स्क्रीनमध्ये गेली आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर बोट नेमक्या जागी पडत नाही आणि नजर रस्त्यावरून हटते. शेवरले कॅमारोच्या 2016 च्या पिढीत एसीच्या व्हेंटभोवतीची रिंगच फिरवून तापमान बदलता येतं, न बघता. या गाडीत तसा बदल आता होणार नाही, हे कळतं. निदान पंख्याचा वेग स्टिअरिंगवरच्या मोकळ्या बटणाला सॉफ्टवेअर अपडेटमधून जोडून देता येईल का, याचं लेखी उत्तर हवं.

गिअरभोवतीच्या चंदेरी कड्याचा रंग उडून खालचं काळं प्लास्टिक दिसतं, तेही बदलावं.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कन्सोल, फोम आणि कडं यांचं काम वॉरंटीत, विनाशुल्क व्हावं. नाकारायचं असल्यास प्रत्येक बाबीचं तांत्रिक कारण लेखी द्यावं. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार दाखल करीन. गाडीसाठी दिलेली रक्कम 50 लाखांच्या वर आणि 2 कोटींच्या आत असल्याने ती राज्य ग्राहक आयोगापुढे जाईल.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती, आवाजाचं रेकॉर्डिंग (सांधा दाबून व न दाबता), सीटचे फोटो, ब्रोशरचं संबंधित पान.